झाडूची पैज

थाक घराण्यात पाच मुलींच्या पाठीवर सहावीही मुलगीच झाली, तेव्हा आजोबांनी तिचं नाव पिल्नाम ठेवलं. पिल्नाम म्हणजे 'आता नक्की मुलगा'. पुढच्या खेपेला खरंच मुलगा झाला. नावाचं काम झालं, नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच. त्याच मुलाला पुढे शिकवायचं म्हणून पाचवीनंतर पिल्नामची शाळा सुटली. चार-पाच वर्षं तिनं जांगहुंगच्या किनाऱ्यावर समुद्रातलं शेवाळ चटयांवर वाळवलं, सोळाव्या वर्षी ती सोलला शिवणाच्या कारखान्यात आली, आणि सव्विसाव्या वर्षी, पदरात मिरान नावाची लेक असताना, नामदेमुन बाजारातल्या एका खानावळीत थाळे पोचवायच्या कामाला लागली.

बाजारातले दुकानदार जेवायला दुकान सोडून जात नाहीत. त्यांचं जेवण त्यांच्याकडे डोक्यावरून येतं. आधी चुंबळ, तिच्यावर ॲल्युमिनियमचा मोठा थाळा, थाळ्यात भात, सार, आंबवलेल्या कोबीची तिखट किमची, मुळ्याच्या चकत्या घालून केलेलं बांगड्याचं तिखट कालवण. त्यावर वर्तमानपत्राचा कागद, कागदावर दुसरा थाळा, त्यावर तिसरा. पिल्नाम पाच थाळे न्यायची. हात न लावता. दोन्ही हात मोकळे, एका हातात सुट्या पैशांची पिशवी, दुसऱ्यानं वाटेतल्या हमालाच्या पाठीवर थाप मारायची, "सरक रे बाबा, सार गरम आहे." बटणवाले, मोजेवाले, चष्मेवाले, सगळे तिला मावशी म्हणायचे. तेहतीस वर्षांत तिच्या डोक्यावरून थाळा खाली आला तो दोनदाच, आणि त्यातल्या एकदा तर मोटरसायकलवाल्याची चूक होती.

नवरा ट्रकवर होता. मिरान कॉलेजात असताना तो आजारानं गेला. मिरान शिकली, बँकेत लागली, लग्न करून नदीपलीकडे राहायला गेली. सगळं रीतसर झालं. पण पिल्नामच्या मनात एक गोष्ट तीस वर्षं काट्यासारखी रुतून होती.

मिरान चौथीत असताना शाळेतून एक कागद आला होता. घरी टीव्ही आहे का, फ्रिज आहे का, वडील काय करतात, आणि आईचं शिक्षण. पिल्नामनं त्या रकान्यात आधी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि मग पेनानं लिहिलं, 'उच्च माध्यमिक'. कागद गेला. कोणी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तिला बारावी पास बाई होऊन राहावं लागलं. लेकीनं गणित विचारलं की हिचे डोळे दुखायचे. इंग्रजी विचारलं की चुलीवर काहीतरी उतू जायचं. मिरानचं लग्न ठरताना विहीणबाईंनी सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या शाळेतल्या?" पिल्नामनं ग्वांगजूच्या एका मुलींच्या शाळेचं नाव ठोकून दिलं. बसमधून जाताना तिची पाटी एकदा वाचली होती, एवढाच संबंध.

"अगं बाई!" विहीणबाई म्हणाल्या, "माझी मावसबहीण तिथलीच! प्रार्थना कुठली होती हो तुमची?"

पिल्नामला असा खोकला लागला, असा खोकला लागला, की शेवटी जावयानं पाणी आणलं.

बस नंबर बाराच्या पाठीवर एक जाहिरात असायची. ज्या बायकांची शाळा राहिली त्यांच्यासाठी शाळा, वयाची अट नाही. आठ महिने पिल्नाम ती जाहिरात मागून वाचत होती. एकोणसाठावं लागलं, त्या मार्चमध्ये ती एका दुपारी त्या शाळेच्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिली, दोनदा परत फिरली, आणि तिसऱ्यांदा वर चढली. पाचवीची शाळा कशीबशी सापडलेल्या दाखल्यावर धरली गेली, प्राथमिकचा शेवटचा वर्ग म्हणजे सहावी, तिची परीक्षा तिनं त्याच वसंतात बाहेरून दिली, आणि पुढच्या वर्षी ती माध्यमिकच्या दुपारच्या वर्गात बसली. खानावळीतली गर्दी दोनला ओसरायची. साडेतीन ते साडेसहा शाळा. वर्गात चोवीस जणी, सगळ्यात लहान एकावन्न वर्षांची, सगळ्यात मोठी माक्सुनताई, बहात्तर.

लेकीला तिनं सांगितलं की दुपारी मानेला शेक घ्यायला जाते. मान खरोखरच दुखत होती, त्यामुळे ते निम्मं तरी खरं होतं. वसंतात मिरान तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून पाहिला आणि म्हणाले, "हे डोक्यावरचं बंद करा. नाहीतर शस्त्रक्रियेचं बोलावं लागेल." तेव्हापासून पिल्नाम पाचाऐवजी दोनच थाळे न्यायची. हे तिला फार मोठं पथ्य वाटायचं.

शाळेत बाकी सगळं तिला झेपत होतं. भाषा आवडायची, इतिहास तर टीव्हीवरच्या मालिकांमुळे अर्धा पाठच होता. अडायचं ते विज्ञानापाशी. शिकवायला योम सर होते, एकतीस वर्षांचे, चष्मा सारखा नाकावरून घसरणारे, आईच्या वयाच्या बायकांना शिकवायचं म्हणून पहिला महिनाभर प्रत्येक वाक्याआधी वाकून नमस्कार करणारे. जूनमधल्या एका बुधवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'बलाचे आघूर्ण आणि गुरुत्वमध्य'.

"हे काय दुखणं आलं आता?" मागून कोणीतरी पुटपुटलं.

"आघूर्ण," पिल्नाम हळूच म्हणाली. "ऐकूनच पोटात मुरडा आल्यासारखं वाटतं."

सरांनी ऐकलं. ते हसले, आणि फळ्यावर पुढे काही न लिहिता कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू घेऊन आले. तो त्यांनी आडवा धरला, तर्जनीवर टेकवला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला, आणि एका जागी तो बोटावर शांत राहिला. दांडा एका बाजूला लांबलचक, झाडणीची बाजू आखूड.

"हा इथे तोलला," सर म्हणाले. "म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य इथे, माझ्या बोटावर. आता मी नेमका इथेच करवतीनं कापला, तर दोन तुकडे होतील. त्यांची वजनं कशी असतील? सारखी? की एक जड?"

"सारखी!" अख्खा वर्ग ओरडला.

"सारखीच असणार," पिल्नाम म्हणाली. एरवी विज्ञानाच्या तासाला ती तोंड उघडायची नाही, पण ही गोष्ट तिच्या घरची होती. "तोलला म्हणजे सारखी. त्यात विचारायचं काय?"

"नाही हो सर," पुढच्या बाकावरून माक्सुनताई म्हणाली. ती गावाकडची, आयुष्यभर भातशेती केलेली, बसली की बाक भरून जायचा. "झाडणीकडचा तुकडा जड भरणार."

"ताई, अहो, तेहतीस वर्षं मी डोक्यावर तोल धरलाय! इकडे जास्त, तिकडे कमी झालं की थाळा जातो. जातोच!"

"मी तुझ्या थाळ्याचं बोलतच नाहीये. झाडूचं बोलतेय."

"तोल तो तोल. थाळ्याचा असो की झाडूचा."

"लाव पैज मग."

वर्गात एकदम जीव आला. मागच्या दोघी तर उठून पुढे आल्या.

"हरलीस तर अख्ख्या वर्गाला जेवण," माक्सुनताई म्हणाली. "तुझ्या त्या खानावळीचं. आणि गाडीवर घालून नाही आणायचं, डोक्यावरून आणायचं. बघू दे आम्हाला तो तुझा तेहतीस वर्षांचा तोल."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर वर्षभर वर्ग मी झाडते. त्या अर्ध्या झाडूनं."

सरांनी करवत आणली. झाडू शाळेचा होता, आणि मुख्याध्यापिकाबाई पलीकडच्याच खोलीत होत्या, त्यामुळे दोघीजणी दारात पहाऱ्याला उभ्या राहिल्या. कापून झाला. सरांनी ताणकाट्याला आधी दांड्याचा तुकडा अडकवला.

"दोनशे पंचावन्न ग्रॅम."

मग झाडणीचा.

"चारशे पन्नास."

वर्गात हशा उसळला. पिल्नाम उठून पुढे गेली. तिनं काटा स्वतः वाचला. दोन्ही तुकडे हातात घेऊन वर-खाली करून पाहिले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काटा बिघडलाय," ती म्हणाली.

"हात तर नाही ना बिघडले तुझे?" माक्सुनताई म्हणाली.

हात बिघडले नव्हते. झाडणीचा तुकडा जवळजवळ दुप्पट होता, हे तिच्या हातांना लगेच कळलं होतं.

"सर, मग तो तोलला कसा?" तिनं विचारलं. आवाजात भांडण होतं, पण प्रश्न खरा होता, आणि सर त्याचीच वाट पाहत असावेत.

"माक्सुनबाई, तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी उलट तिकडेच विचारलं.

"त्यात काय? नववर्षाला आम्ही मुली फळीवर उड्या मारायचो. गवताची वळकटी, वर आडवी फळी, दोन टोकांना दोघी. मी ही अशी, आणि माझी वहिनी म्हणजे काडी. फळी मधोमध ठेवली तर मी जमिनीवर आणि ती आभाळात! मग काय करायचो गं आम्ही?"

"भात द्यायचो!" पाच-सहा जणी एकदम म्हणाल्या.

"भात?" सर गोंधळले.

"अहो, फळी सरकवायची! हलकीच्या बाजूला फळी जास्त द्यायची, जाडीच्या बाजूला कमी. त्यालाच भात देणं म्हणतात. शहरात वाढलेले तुम्ही, तुम्हाला काय माहीत."

सरांनी चष्मा वर सरकवला आणि खूश होऊन खडू उचलला. मग त्यांनी फळ्यावर फळी काढली, एका बाजूला जाडी बाई, एका बाजूला बारीक. वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर. ते दोन्ही बाजूंना सारखं झालं की तोल. नुसतं वजन नाही. त्यांनी झाडूचा प्रत्येक तुकडा पुन्हा बोटावर तोलला, त्याचा मध्य काढला, तो कापलेल्या जागेपासून किती दूर आहे ते पट्टीनं मोजलं आणि खडू पिल्नामच्या हातात दिला.

तिनं गुणाकार मांडला. चारशे पन्नास गुणिले सव्वीस. अकरा हजार सातशे. दुसऱ्या बाजूला दोनशे पंचावन्न गुणिले सेहेचाळीस. हातच्याला अडखळली, पुसलं, पुन्हा केलं. अकरा हजार सातशे तीस.

"हे तीस कुठून जास्त आले?" माक्सुनताई म्हणाली.

"माझी पट्टी जुनी आहे," सर म्हणाले, "आणि थोडं तिकडे जमिनीवर भुश्यात पडलंय."

पिल्नाम खडू धरून तशीच उभी राहिली. थाळा मांडताना दगडी भांड्यातलं सार ती नेहमी मधोमध ठेवायची, आणि हलक्या वाट्या लांब कडेला. एका बाजूला दोन भात आले तर ते आत सरकवायची आणि समोरची एकच किमचीची वाटी पार काठाशी न्यायची. दोन्ही बाजूंना सारखं वजन तिनं कधीच ठेवलं नव्हतं! रोज एक करत होती आणि तोंडानं भलतंच सांगत होती.

"हरले मी," ती म्हणाली. "शुक्रवारी जेवण."

बसमध्ये परत जाताना तिनं वही उघडून तो गुणाकार पुन्हा पाहिला. बरोबरच होता. हरल्याचं तिला दुःख व्हायला हवं होतं, पण झालं नाही. इतकी वर्षं ती समजत होती की शिकलेल्या लोकांकडे काहीतरी असतं जे आपल्या डोक्यात शिरणारच नाही. ते शिरलं होतं, आणि आत त्याला बसायला जागाही होती.

खानावळीच्या मालकीणबाईंनी पैजेची गोष्ट ऐकून कपाळावर हात मारला, पण शुक्रवारी दुपारी शेगडी पुन्हा पेटवली. चोवीस जणी आणि सर, मिळून पंचवीस माणसांचं जेवण. भाताचे तीळ लावलेले गोळे, बांगड्याचं कालवण झाकणाच्या भांड्यात, अंड्याच्या गुंडाळ्या, तीन तऱ्हेच्या किमच्या, कोवळी काकडी. टॅक्सीच्या डिकीत सगळं भरून पिल्नाम शाळेच्या फाटकाशी उतरली. वर्गातल्या सगळ्याजणी जिन्यात दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, कोणाची तरी मिरवणूक येणार असल्यासारख्या.

"गाडीवाल्यानं फाटकापर्यंत आणलंच की तुला," माक्सुनताई म्हणाली.

"बाजारापासून चालत आणते म्हणाले नव्हते. जिना डोक्यावरून. बघा आता."

तिनं फाटकाशीच थाळे मांडले. या वेळी मुद्दाम, विचार करून. कालवणाचं जड भांडं सगळ्यात खालच्या थाळ्यात, मधोमध. त्यावर भात. अंडी आणि काकडी सगळ्यात वर. ढिगाचा गुरुत्वमध्य जितका खाली तितका बरा, सरांनी बुधवारी सांगितलं होतं, आणि ती नेहमी तसंच करत आली होती, पण आज पहिल्यांदा तिला त्याचं नाव माहीत होतं. चुंबळ ठेवली. टॅक्सीवाल्यानं आणि सरांनी मिळून पाच थाळ्यांचा ढीग वर चढवला. मानेत कळ आली. तिनं ती गिळली. शेवटची वेळ, ती मनात म्हणाली, आणि चढायला लागली.

एक मजला बिनबोभाट झाला. बायका टाळ्या वाजवत होत्या. ती वळणावरच्या सपाट जागी पोचली, आणि खालून आवाज आला.

"आई!"

मिरानचा आवाज. हा आवाज इथे असण्याचं काही कारणच नव्हतं.

"आई! मान! डॉक्टर काय म्हणाले होते?"

डोक्यावर पाच थाळे असताना मागे वळून बघता येत नाही. पण दचकलेलं अंग ऐकत नाही. मान एवढीशी फिरली आणि वरचे थाळे सरकले. काचेच्या वाट्या किणकिणल्या. ढीग डावीकडे कलायला लागला.

अशा वेळी नवखी बाई हातानं ढीग मागे ओढायला जाते आणि सगळंच गमावते. पिल्नामनं हात वर नेलेच नाहीत. ढीग डावीकडे निघाला होता, तर ती डावीकडे त्याच्या खाली गेली. एक पाऊल. गुडघे वाकवले. अजून अर्धं पाऊल. खांदा भिंतीला लागला. वरची किणकिण थांबली. एक अंड्याची गुंडाळी घरंगळत येऊन जिन्यावर पडली, तेवढीच.

मग पिल्नाम अख्खीच्या अख्खी, पावलं उचलत, एखाद्या जहाजासारखी सावकाश वळली. खाली जिन्याच्या तळाशी मिरान उभी होती, बँकेच्या कपड्यांत, पर्स छातीशी धरून, चेहरा पांढराफटक.

"आधी हे वर ठेवते," पिल्नाम म्हणाली. "मग काय ते बोल."

थाळे वर्गातल्या बाकांवर उतरले. मिरान मागोमाग वर आली. तिला फळा दिसला, बाकांवरच्या वह्या दिसल्या, दप्तरं दिसली, एका दप्तरावर आईच्या नावाची चिठ्ठी दिसली. योम सर घाईघाईनं पुढे आले आणि कमरेत वाकले.

"तुम्ही पिल्नामबाईंच्या पालक का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मिराननं सरांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"ही शाळा आहे?" तिनं विचारलं.

"माध्यमिक," पिल्नाम म्हणाली. तिची नजर जमिनीवर होती. बारावी पास बाई तिच्या आतल्या आत मटकन खाली बसली होती. "मी पाचवीच शिकलेय, मिरान. त्या कागदावर मी खोटं लिहिलं होतं. तू चौथीत होतीस. सगळं खोटंच होतं. ग्वांगजूची शाळासुद्धा."

मिरान एका बाकावर धप्पकन बसली. पर्समधून तिनं रुमाल काढला आणि त्याबरोबर एक घडी केलेला कागद बाहेर आला. म्हाताऱ्या माणसांना फसवणाऱ्यांची तक्रार कुठे करायची, त्याचं ते पत्रक होतं.

"मला वाटलं तू त्या हॉलमध्ये जातेस," ती म्हणाली. तिला आता हुंदके येत होते. "म्हाताऱ्यांना गाणी म्हणायला लावतात आणि जेडचे खडे शिवलेल्या महागड्या गाद्या गळ्यात मारतात तिथे. आमच्या शेजारच्या बाईंनी चार गाद्या आणि हरणाच्या शिंगाचं औषध आणलं. रोज साडेतीन ते साडेसहा तुझा फोन बंद! शेकवाल्याकडे विचारलं तर ते म्हणाले, या बाई मार्चपासून आल्याच नाहीत. आज अर्धी सुट्टी टाकून मागे मागे आले, तर तू डोक्यावर पाच थाळे घेऊन एका अनोळखी इमारतीत चढतेस! मला वाटलं, मेले, अजून एक नोकरी धरली हिनं."

"गाद्या!" पिल्नाम म्हणाली. "मी आणि गाद्या?"

"शाळाच आहे ना नक्की?"

"अगं, त्या फळ्यावर माझाच गुणाकार आहे."

मिराननं फळ्याकडे पाहिलं. सरांनी तो बुधवारपासून पुसला नव्हता. तिनं सवयीनं मनातल्या मनात तपासला असावा, बँकेतली मुलगी ती. मग तिनं डोळे पुसले आणि ती हसायला लागली. हसता हसता पुन्हा रडली, आणि ते पाहून पुढच्या बाकावरच्या दोघीतिघींनीही रुमाल काढले.

"आई, मीही एक सांगू?" ती म्हणाली. "तू रागावशील."

"सांग."

"मी बँकेत सगळ्यांना सांगितलंय की तुझी स्वतःची खानावळ आहे. सासूबाईंनासुद्धा."

एकदम पिल्नामच्या लक्षात आलं.

"म्हणून त्या बाई मला लग्नात विचारत होत्या, किती टेबलं आहेत म्हणून?"

"हो."

"मी म्हटलं, एकच आहे, आणि त्याचाही एक पाय हलतो!"

आता वर्गात कोणाला हसू आवरेना. माक्सुनताईनं बाकावर थापा मारल्या. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पण त्यांचे खांदे हलत होते.

"बाकीचं रडणं जेवून रडा," माक्सुनताई म्हणाली. "बांगडा गार होतोय. ये गं पोरी, तुझ्या आईनं हरून आणलंय, तूही बस."

मिरान जेवली. तिनं दोनदा भात घेतला. कापलेल्या झाडूची गोष्ट तिला चार जणींनी चार तऱ्हांनी सांगितली. संध्याकाळी दोघी मायलेकी रिकामे थाळे वाटून घेऊन, काखेत मारून उतारावरून बस थांब्याकडे निघाल्या, तेव्हा पिल्नामला आपण इतक्या भराभर का चालतोय हेच कळेना. डोक्यावर काही ओझं नव्हतं म्हणून असेल.

शनिवारी तिनं विहीणबाईंना स्वतःच फोन लावला. मिरान म्हणत होती, हळूहळू सांगू, एवढ्यात नको. पण पिल्नामला आता थांबवेना. तिनं एका दमात दोन्ही सांगून टाकलं, शाळेचं आणि खानावळीचं.

"तरीच!" विहीणबाई म्हणाल्या. "प्रार्थना विचारली तर जीव जाईल असा खोकलात. मी घरी येऊन यांना म्हटलं, बाईंना दमा दिसतो, पोरीला विचारा."

"रागावलात?"

"अहो, मी तेव्हापासून दर हिवाळ्याला तुमच्यासाठी नासपतीचा काढा पाठवतेय. माझा काढा फुकट गेला, एवढाच राग."

काढा फुकट गेला नव्हता, चव चांगली होती, असं पिल्नामनं सांगितलं, आणि दोघी अर्धा तास बोलल्या. इतकं त्या लग्नापासून आजवर मिळून बोलल्या नव्हत्या.

सत्र परीक्षेत विज्ञानाला पिल्नामला अडुसष्ट मिळाले. तोलाचा प्रश्न अख्खा बरोबर होता. माक्सुनताईला साठ. तिनं उत्तर बरोबर लिहिलं होतं, पण कारणाच्या जागी 'भात दिला' असं लिहिलं होतं, आणि त्याला सरांनी अर्धे गुण दिले होते. अर्धे का, म्हणून ती त्यांच्याशी आठवडाभर भांडली.

जुलैच्या शेवटी मिरान आईला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली. जिन्यातला तो प्रकार मानेला भोवला असणार, अशी पिल्नामला धास्ती होती. डॉक्टरांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले.

"वाढलं नाहीये," ते म्हणाले. "शस्त्रक्रिया नको. व्यायाम देतो तो करा. पण डोक्यावर आता एक थाळाही नाही. टोपीसुद्धा हलकी घाला."

पिल्नामनं इतका मोठा श्वास सोडला की डॉक्टरांच्या टेबलावरचा कागद हलला. बाहेर आल्यावर दोघींनी समोरच्या दुकानात बर्फातल्या थंड शेवया खाल्ल्या. मिराननं आईच्या वाडग्यात आपलं अर्धं अंडं टाकलं, आणि पिल्नामनं ते खाल्लं.

मालकीणबाईंनी चार चाकांची हातगाडी घेतली. ती बोळांतून वळत नाही, बटणवाल्याच्या पायऱ्या चढत नाही, म्हणून पिल्नाम पहिला आठवडा तिला शिव्या घालत होती. मग बाजारातल्या दोन तरुण बायकांना तिनं ती कशी भरायची ते शिकवलं आणि स्वतः पळी धरून मोठ्या पातेल्यापाशी बसायला लागली. ग्राहक विचारायचे, मावशी, डोक्यावरून कधी? ती म्हणायची, माझी शाळा आहे, वेळ नाही.

ऑगस्टच्या शेवटी शाळा पुन्हा भरली. योम सरांनी फळ्यावर विजेचा दिवा आणि दोन तारा काढल्या. पिल्नामला पहिल्या तासाला काही कळलं नाही, दुसऱ्या तासालाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तिनं खानावळीतून मिरानच्या बँकेत फोन लावला.

"मिरान, दिव्यातून वीज गेली तर दुसऱ्या बाजूनं ती कमी होऊन बाहेर येते की तेवढीच?"

"आई, मी काउंटरवर आहे. समोर रांग लागलीये!"

"मग रांगेतल्यांना विचार ना. कोणाला तरी माहीत असेलच की."